देवाला न चालणारा हात

दवाखान्यातून घरी आले तेव्हा मला बघायला बायका जमल्या होत्या. त्यांतली एक, दर गुरुवारी दौंडहून आमच्या खुटबावात सत्संग घ्यायला येणारी बाई, माझ्या अगदी जवळ येऊन बसली. सगळ्या तिला माई म्हणायच्या. माईंनी माझ्या बांधलेल्या मनगटाकडं बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "देवाचं ज्याच्यावर जास्त प्रेम असतं ना, त्याचीच तो परीक्षा घेतो."

मी चोवीस वर्षांची होते. पोरगी चार वर्षांची. मनात आलं, असलं प्रेम त्यानं माईंवर का नाही केलं? पण तेव्हा मला उलट बोलायची सवय नव्हती.

घडलं ते अगदी साधं होतं. गुरांसाठी मका कुट्टी करत होते. मशिनीच्या तोंडात मक्याची ताटं अडकली आणि नेमकी लाईट गेली. बटण चालूच राहिलेलं. मी अडकलेली ताटं ओढायला उजवा हात आत घातला आणि लाईट आली. दुखलं असं सुरुवातीला वाटलंच नाही. फक्त हात बाहेर काढला तेव्हा तो मनगटापर्यंतच होता. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला कुणाच्या तरी जीपमध्ये घातलं, आधी दौंड, मग पुणं. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात महिनाभर होते. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा आमच्या भागात कुट्टीच्या मशिनी नव्या होत्या आणि हात गेलेली मी काही पहिली नव्हते. पण बाई मात्र मी पहिली होते. पुरुषाचा हात गेला की त्याचं काम अडतं. बाईचा हात गेला की देव अडतो, हे मला घरी आल्यावर कळलं.

काम माझं फार दिवस अडलं नाही. डाव्या हातात खुरपं धरायला शिकले. कांद्याची रोपं लावायला शिकले, काढणीला सगळ्यांबरोबर वाफ्यात बसले. भाकरीला वेळ लागला. उजव्या मनगटानं परात अडवून धरायची, डाव्या हातानं थापायची आणि तव्यावर टाकताना ती मोडायची. मोडलेल्या भाकरी मी आणि पोरगी खायचो. वर्षभरात अख्खी भाकरी तव्यावर पडायला लागली. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांनी कधी म्हटलं नाही की तुझ्या डाव्या हातची भाकरी नको. मालक खात होते, गडी खात होते, पाहुणे खात होते.

पण संध्याकाळची दिवाबत्ती आत्यांनी मी दवाखान्यातून आल्या आल्याच काढून घेतली. "राहू दे, तुला कशाला तरास," म्हणाल्या. मला ती माया वाटली. मग नैवेद्याचं ताट गेलं. मग तुळशीचं पाणी गेलं. एकेक करून देवाचं सगळं माझ्याकडनं गेलं आणि शेण, पाणी, खुरपणी, भांडी सगळं राहिलं. तरीही मी त्याला मायाच म्हणत होते. संक्रांतीला डोळे उघडले. शेजारची बाई वाण घेऊन आली. आत्या आत होत्या, म्हणून मी कुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाले आणि डाव्या हाताचं बोट तिच्या कपाळाकडं नेलं. तिनं मान मागं घेतली. अंगावर पाल पडल्यासारखी नाही, अगदी हळू, सभ्यपणानं. आणि आतल्या दाराकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, जरा भाईर येता का? कुक्कू लावायचंय."

आत्या बाहेर आल्या, माझ्या हातातून करंडा घेतला, कुंकू लावलं. दोघी तिळगूळ खात उसाच्या तोडीबद्दल बोलत बसल्या. मी तिथंच उभी होते. दोघींच्याही कपाळावर कुंकू होतं, माझ्याही होतं. माझं मी सकाळी डाव्या हातानं लावलेलं होतं.

गुरुवारच्या सत्संगाला मी जायला लागले ती आत्यांच्या सांगण्यावरून. खोटं सांगणार नाही, पहिले काही महिने मला तिथं बरं वाटायचं. शाळेच्या वर्गात पंचवीस-तीस बायका सतरंजीवर बसायच्या, भजनं व्हायची, माई बोलायच्या. दोन तास कुणी काम सांगायचं नाही. रडायला आलं तर रडता यायचं, कारण तिथं बऱ्याच जणी रडायच्या आणि कोण कशासाठी रडतं ते कुणी विचारायचं नाही. घरी रडले की आत्या पदरानं माझं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "गप, पोरगी बघती." एवढा आधार मला तिथं मिळाला आणि तो मी नाकारत नाही.

त्या दिवसांत माझा नसलेला हात दुखायचा. बोटं दुखायची, अंगठ्याचं नख दुखायचं, कुणी तळहात पिरगळतंय असं वाटायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुटलेल्या नसांचं असं होतं, सावकाश कमी होईल. मी एका गुरुवारी माईंना विचारलं, हात तर नाही, मग दुखतंय काय? वाटलं, त्या काहीतरी धीर देतील.

माई म्हणाल्या, "ते दुखणं नव्हे बाळा. मागल्या जन्मीचं पाप फिटतंय. आनंदानं सोस."

मी विचारलं, मागल्या जन्मी मी काय केलं होतं? तर म्हणाल्या, ते आपल्याला कळत नसतं. बायकांनी माना हलवल्या. एकीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी कुणाचा तरी हात तोडला होता आणि आज ते उघडकीला आलं. डॉक्टरांच्या सांगण्यानं दुखणं कमी झालं नव्हतं, पण त्यांच्या सांगण्यात मी कुणाची गुन्हेगार तरी नव्हते. माईंनी दुखणं तसंच ठेवलं आणि वर पाप चढवलं.

त्यानंतर मला पुढच्या रांगेत बसवायला लागले. नव्या बायका आल्या की माई माझ्याकडं बोट दाखवायच्या. गुडघे दुखतात म्हणून रडता, सुना बोलतात म्हणून रडता, हिच्याकडं बघा, हात गेला तरी श्रद्धा गेली नाही. मी खाली मान घालून बसायची. बायका माझ्या थोट्या मनगटाकडं बघायच्या आणि त्यांचे गुडघे खरंच हलके होत असावेत, चेहऱ्यावरून तसं दिसायचं. शेवटी आरती फिरायची. तबक एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचं आणि माझ्यापाशी आलं की माझ्या डोक्यावरून पलीकडचीकडं जायचं. बघायला मी चालत होते, तबक धरायला चालत नव्हते. घरी जाऊन मी पोरीवर उगीच ओरडायची.

अशात दौंडला एका मंगल कार्यालयात शिबिर झालं. कुठल्याशा महाराजांच्या ट्रस्टतर्फे हातपाय नसलेल्यांना फुकट हातपाय देणार होते. माईंनीच माझं नाव दिलं. आधी माप घेतलं, मग पुन्हा बोलावलं. मालक मला मोटारसायकलवर घेऊन गेले. वाटेत ते खुशीत होते, मीही होते. मला वाटत होतं, खुरपं धरता येईल, दोन्ही हातांनी हंडा उचलता येईल.

हात रबरी होता. माझ्या कातडीपेक्षा उजळ, शहरातल्या बाईचा असावा तसा. बोटं अर्धी वाकलेली आणि ती तशीच राहणार. हात बसवणारा माणूस बाहेरच्या मुलखातला होता. मी त्याला खुणेनं विचारलं, यात विळा कसा धरायचा? तो बिचारा खरं बोलला. "दीदी, ये पकड़ने के लिए नहीं है. अच्छा दिखने के लिए है."

मग आम्हाला एकेकाला स्टेजवर नेलं. महाराज खुर्चीत बसले होते. फोटोवाला म्हणाला, महाराजांकडं बघून नमस्कार करा. मी डावा हात त्या रबरी हाताला जोडला. फोटो निघाला. माझ्यानंतर दोन्ही पाय नसलेला एक म्हातारा होता. त्याला दोघांनी उचलून वर आणलं, बनावट पाय लावले, उभं करून फोटो काढला आणि पुन्हा उचलूनच खाली नेलं. मालक म्हणाले, किती करतात ही माणसं गरिबांसाठी. मला म्हाताऱ्याचं तोंड दिसत होतं. तो कुणाकडंच बघत नव्हता.

घरी मी तो हात आठ दिवस लावला. उन्हात आत घाम साचायचा, कातडी सोलायची, वास यायचा. मग काढून ठेवला. आत्यांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात जपून ठेवला.

आता सत्यनारायणाचं सांगते. आमचं घराणं मूळचं मेंढपाळ. माझे सासरे आता नाहीत, पण ते तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरलेले. त्यांचा देव म्हणजे बिरोबा आणि खंडोबा. भंडारा उधळायचा, बोकड कापायचा, झाला देव. मग कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस आला, कांदा आला. आजूबाजूचे बागायतदार सत्यनारायण घालायचे म्हणून आम्हीही घालायला लागलो. माझा हात गेल्यानंतरच्या वर्षी गुरुजींनी मला पूजेला बसवलं नाही. मालकांच्या कमरेला सुपारी खोचली. बायको हजर नसली की पूजेला बायकोऐवजी सुपारी असते, हे मला तेव्हा कळलं. मी हजर होते. चार पावलांवर चुलीपुढं शिरा हलवत होते. मालक सुपारीसकट बसले आणि पूजा पार पडली.

पुढं आम्ही स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांत आणि सत्यनारायण एकाच दिवशी करायचं ठरलं. आत्या आदल्या दिवशी दौंडला जाऊन गुरुजींना विचारून आल्या आणि हसत घरात शिरल्या. गुरुजी म्हणाले होते की रबरी हात लावून बसली तर हरकत नाही. आत्यांनी कपाटातून तो काढला, ओल्या फडक्यानं पुसला, पावडर मारली. मला नवं लुगडं दिलं. मलाही, खरं सांगते, बसावंसं वाटत होतं. माझं घर होतं ते. पायाच्या दगडांवर, विटांवर मी पाणी मारलेलं होतं.

पाटावर मालकांच्या उजव्या बाजूला बसले. गुरुजींनी रबरी मनगटाला दोरा बांधला. रबरी बोटांना हळदकुंकू लावलं. मालकांच्या हाताला हात लावायला सांगितला, म्हणून मी तो त्यांच्या कोपरावर टेकवला. त्यांनी अंग थोडं आखडलं. मग तळहातावर पाणी घ्यायला सांगितलं. पळीतलं पाणी रबरावरून घसरून माझ्या मांडीवर सांडलं. गुरुजी म्हणाले, असू द्या, पोचलं. माझा डावा हात पदराखाली झाकलेला होता. तसं आत्यांनीच बसताना सांगितलं होतं.

भोवती बायका होत्या. माई होत्या. आत्या माझ्या मागं वाकल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता कसं, लक्ष्मीवानी दिसतीया."

ज्या हातानं घराच्या विटांवर पाणी मारलं तो पदराखाली, आणि ज्याला दोन पैशाची जाणीव नाही त्याला कुंकू. मी पदरातला हात बाहेर काढला, पट्टा सोडला, तो रबरी हात दोऱ्यासकट, कुंकवासकट काढला आणि माझ्या पाटावर ठेवला.

गुरुजींना म्हणाले, "ह्याला बसवा. तुम्हास्नी ह्योच चालतोय नव्हं."

आणि उठून आत गेले.

कुणी ओरडलं नाही. माईंचा आवाज आला, अहंकार सुटला पाहिजे, अहंकारच नडतो माणसाला. आत्या रडायला लागल्या. मी ओट्यापाशी उभी होते आणि वाट बघत होते की मालक उठून आत येतील. रागानं आले असते तरी चाललं असतं. थोड्या वेळानं गुरुजींनी सुपारी मागितलेली ऐकू आली. मग पोथी सुरू झाली. पाचही अध्याय वाचून झाले, आरती झाली, आणि बायका प्रसादाला पंगतीत बसल्या. सव्वाच्या मापाचा तो शिरा मी पहाटे डाव्या हातानं भाजला होता. त्याला कुणाची हरकत आली नाही. दोघीतिघींनी तर परत मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मालक रानात माझ्याशी बोलले. लोकांत आता कसं तोंड दाखवायचं म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं त्वांड हाय तसंच हाय की. माझ्याकडं बघा जरा." ते उसाला पाण्याचं बारं धरायला निघून गेले. पुढं कितीतरी दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं होतं. आत्यांनी तर बोलणंच टाकलं. त्या वर्षी म्हैस गाभडली, कांद्याला भाव पडला, दोन्हींचं खापर माझ्यावर फुटलं. कांद्याचा भाव साऱ्या तालुक्यात पडला होता, पण आमच्या घरापुरता तो माझ्यामुळं पडला.

सत्संगाला मी गेले नाही. दोन-तीन गुरुवार गेल्यावर माई घरी आल्या. चहा घेतला, मग मला शेजारी बसवून समजुतीच्या आवाजात म्हणाल्या की मला तुझा राग कळतो, पण देवावर रागावून कुणाचं भलं झालेलं नाही.

मी म्हटलं, "माई, देवावर न्हाई माझा राग. देवानं मला कवा काय म्हटलेलंच न्हाई. जे म्हटलं ते तुम्ही म्हटलं."

त्यांना ते लागलं असावं. उठताना आत्यांना म्हणाल्या, हिला जपा, हिचं मन भरकटलंय. त्यानंतर सत्संगात त्या माझा दाखला उलटा द्यायला लागल्या, असं शेजारणीनं सांगितलं. हात गेला तर गेला, पण श्रद्धा गेली तर माणसाचं काय होतं बघा, असा. म्हणजे हजर नसतानाही मी त्यांच्या उपयोगाला आलेच.

मी देव सोडला असं मात्र झालं नाही. तेवढं सोपं ते नसतं. आमच्या रानाच्या कडेला बिरोबाचा शेंदूर लावलेला धोंडा आहे, सासऱ्यांच्या वेळचा. तिथं गुरुजी नाही, माई नाही, बसायला पाटही नाही. मी खुरपायला जाताना डाव्या मुठीत भंडारा नेऊन त्याच्यावर टाकायची. कधी भांडायची, कधी नुसती बसायची. त्यानं तो घेतला की नाही, मला सांगता येणार नाही. वारा असला की भंडारा उडून जायचा.

पोरगी मोठी झाली. बारावी झाली तशी शिरूरकडची सोयरीक आली. पाबळ माझं माहेर, त्यामुळं तो भाग माझ्या ओळखीचा. मुलगा कारेगावात राहायचा, शेजारच्या एमआयडीसीत कंपनीत होता. लग्न शिरूरच्या एका कार्यालयात धरलं. हळदीच्या दिवशी मुलाच्या आईनं मालकांना बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हती, चांगल्या शब्दांत बोलली. म्हणाली, कन्यादानाला पोरीच्या आत्याला, म्हणजे मालकांच्या बहिणीला, नि तिच्या नवऱ्याला बसवलं तर बरं होईल, पोरीचं नवं आयुष्य आहे, उगाच काही मागं लागायला नको. मी खांबाआड अक्षता निवडत होते. मला सगळं ऐकू येत होतं. आता हे काय म्हणणार ते मला माहीत होतं, असं मला वाटलं.

मालक म्हणाले, "आई जित्ती हाय तिची. दुसरं कुणी बसणार न्हाई."

एवढंच म्हणाले. मुलाची आई परत हळदीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात लग्न लावायला आलेले गुरुजी तरुण होते. कानाला मोबाईल, पुढं अजून दोन लग्नं लावायची होती. कन्यादानाच्या वेळी मी त्यांना आधीच सांगून टाकलं की मला उजवा हात नाही आणि मी रबरी लावणार नाही. माझा आवाज चढलेला असणार, कारण त्यांनी फोन खाली घेतला. भांडणाची सगळी तयारी माझ्या अंगात होती, कित्येक वर्षांची.

ते म्हणाले, "चालतं हो मावशी. डावा तर डावा. भाव असला म्हणजे झालं."

आणि घड्याळात बघून मंत्र सुरू केले. माझ्या डाव्या हाताखाली पोरीचा हात, त्यावर पाण्याची धार. पाणी कोमट होतं. आत्या खुर्चीवर बसून डोळे पुसत होत्या, बायका पुसत होत्या, मुलाची आईसुद्धा. सगळ्यांना वाटलं मी सुखानं रडते आहे.

मी रागानं रडत होते. एका मिनिटात, घड्याळाकडं बघत, एक पोरसवदा माणूस चालतं म्हणतो आणि चालतं. मग इतकी वर्षं काय होतं? कुठल्या पोथीत काय लिहिलेलं होतं? माझी दिवाबत्ती, माझं हळदीकुंकू, माझ्या घराची वास्तुशांत, हे सगळं कुणी खाल्लं? नियम असता तर मी त्याच्याशी भांडले असते, हरले असते, पण समोर काहीतरी होतं असं तरी म्हणता आलं असतं. नियम नव्हताच. ज्याला जेव्हा वाटलं तेव्हा त्यानं चालत नाही म्हटलं, आणि आता ज्याला घाई होती त्यानं चालतं म्हटलं.

पोरीला वाटे लावून आम्ही रिकाम्या कार्यालयात बसलो होतो. मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. मालक माझ्या शेजारी आले, फेटा मांडीवर ठेवला. कालपासून त्यांच्या चालण्यात जरा ताठा होता. मला हळूच विचारलं, "झालं आता समाधान?"

मी म्हटलं, "न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी विचारतील असं वाटलं, पण मंडपवाल्यानं हाक मारली आणि ते हिशेब करायला उठून गेले.